चार्ज पंपाचे अप-डाऊन करंट जुळत नाहीत? या चुका टाळा

पीएलएल (फेज-लॉक्ड लूप, म्हणजे आउटपुट क्लॉक रेफरन्स क्लॉकशी जुळवून धरणारं सर्किट) लॉक होतो, फ्रीक्वेन्सीही बरोबर येते, पण स्पेक्ट्रममध्ये मुख्य सिग्नलच्या दोन्ही बाजूंना, रेफरन्स फ्रीक्वेन्सीच्या अंतरावर, दोन स्पर, म्हणजे नको असलेल्या टोकदार रेषा, उभे राहतात. इंदूरमध्ये एम.टेक.च्या मुलांचे प्रोजेक्ट बघताना हे चित्र मला वारंवार दिसतं. मूळ बहुतेकदा चार्ज पंपात असतं (फेज डिटेक्टरच्या अप पल्सला लूप फिल्टरमध्ये करंट ओतणारा आणि डाऊन पल्सला काढून घेणारा भाग; फिल्टरवरचं व्होल्टेज ते कंट्रोल व्होल्टेज), आणि पहिली चूक होते ती मोजण्यातच.

मध्यंतरी एका रविवारी लोकमान्यनगरला शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "काका, अप आणि डाऊन मॅच झाले. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही." कंट्रोल व्होल्टेज किती ठेवलंस, म्हणून विचारलं. "०.९." म्हणजे १.८ व्होल्टच्या सप्लायचा बरोबर मध्य. तिथे बहुतेक चार्ज पंप जुळतातच! आउटपुटला व्होल्टेज सोर्स लावून तो ०.२ ते १.६ व्होल्ट फिरवायला सांगितला. १.४ च्या पुढे अपचा करंट घसरत गेला आणि ०.३ च्या खाली डाऊनचा. ड्रेन-सोर्स व्होल्टेज कमी झालं की आधी चॅनल लेंग्थ मॉड्युलेशनमुळे करंट हळूहळू उतरतो, मग ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमधून बाहेर पडतो आणि करंट कोसळतो. तिच्या व्हीसीओला (कंट्रोल व्होल्टेजवर फ्रीक्वेन्सी ठरणारा ऑसिलेटर) लॉकसाठी १.४५ व्होल्ट लागत होते. मग ०.९ चा आकडा काय कामाचा?

या फरकाची किंमत अशी. समजा करंट १०० मायक्रोअँप, फरक ५ टक्के, आणि डेड झोन (छोटा फेज फरक लूपला दिसतच नाही, तो पट्टा) टाळण्यासाठी अप-डाऊनचे दोन्ही स्विच प्रत्येक सायकलला १ नॅनोसेकंद एकत्र चालू. एका सायकलमध्ये ५ फेम्टोकूलंब चार्ज जास्तीचा पडतो. तो फेडण्यासाठी लूप रेफरन्स आणि फीडबॅक क्लॉकच्या एजमध्ये ५० पिकोसेकंदांचं अंतर ठेवून लॉक होतो. दर सायकलला कंट्रोल व्होल्टेजवर तोच हिसका बसतो, तोच स्पर. रिसेट पल्स, म्हणजे दोन्ही स्विच एकत्र चालू असतात तो काळ, जितका लांब, तितकं हे नुकसान मोठं. म्हणून डेड झोनच्या भीतीने रिसेटचा डिले वाढवत नेऊ नका. सर्वात मंद कॉर्नरला (सिम्युलेशनमध्ये ट्रान्झिस्टर सर्वात मंद धरले असताना) स्विच पूर्ण चालू होईल इतकाच ठेवा.

करंट जुळेपर्यंत पीमॉसची (अपचा करंट देणारा ट्रान्झिस्टर; डाऊनचा एनमॉस देतो) विड्थ चिमूट-चिमूट वाढवणं ही फार जुनी खोड. टिपिकल कॉर्नरला जुळतं, एक मंद आणि एक वेगवान असा कॉर्नर लावला की मोडतं. पीमॉस पीमॉसशी जुळवा, एनमॉस एनमॉसशी. दोन्ही मिरर (एका करंटची नक्कल दुसरीकडे काढणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या) एकाच रेफरन्समधून काढा. मिररमध्ये मिनिमम लेंग्थ नको. ट्रान्झिस्टरच्या मिसमॅचवरच्या पेलग्रोम यांच्या १९८९ च्या पेपरपासून सगळ्यांना माहीत आहे की मिसमॅच निम्मा करायचा तर ट्रान्झिस्टरचा एरिया चौपट लागतो. ओव्हरड्राइव्ह (गेटचं व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितकं वर, तो फरक) वाढवूनही करंटचा मिसमॅच कमी होतो, पण मग वापरता येणारी व्होल्टेजची रेंज आक्रसते.

डीसी स्वीप सुंदर आला तरी काम झालं असं समजू नका. माझ्या मते खरी गफलत पुढेच होते, कारण लूपला करंट कळत नाही, चार्ज कळतो. स्विच ड्रेनच्या बाजूला असला की तो बंद असताना करंट सोर्सचा आतला नोड सप्लायपर्यंत किंवा ग्राउंडपर्यंत जातो, आणि स्विच चालू होताच लूप फिल्टरशी चार्ज वाटून घेतो. दुसरं, पीमॉससाठी अप सिग्नल इन्व्हर्टरने उलटवावा लागतो, तेवढा तो डाऊनच्या मागे पडतो. डाऊनच्या वाटेत ट्रान्समिशन गेट टाकून हा डिले बरोबरीला आणा. स्विच सोर्सच्या बाजूला न्या, किंवा स्विच बंद असतानाही करंट डमी शाखेतून सतत वाहता ठेवून तिचा नोड युनिटी-गेन बफरने कंट्रोल व्होल्टेजवर धरा.

हे तपासायला लूप बंद करायची गरज नाही. फेज डिटेक्टरच्या दोन्ही इनपुटला एकच क्लॉक द्या, चार्ज पंपाचं आउटपुट व्होल्टेज सोर्सने धरून ठेवा, आणि एका सायकलचा करंट इंटिग्रेट करा. डीसी फरकावरून अर्धा फेम्टोकूलंब निघायला हवा आणि प्रत्यक्षात पाच दिसत असतील, तर उरलेले साडेचार स्विचिंगचे. तिथे मिरर कितीही सुधारा, हाती काही लागणार नाही.

आता ऑप-अँप. रेप्लिका ब्रँचचा (चार्ज पंपाची नक्कल असलेल्या शाखेचा) नोड ऑप-अँपने कंट्रोल व्होल्टेजच्या मागे चालवला की अप आणि डाऊन मोठ्या रेंजमध्ये एकमेकांना धरून राहतात. उपाय उत्तम आहे, पण मुलं तो निदानाआधीच लावतात. ऑप-अँपची इनपुट रेंज तेवढी रुंद आहे का, रेप्लिकामध्ये चालू अवस्थेतले तेवढेच स्विच घातले का, हे बघायचं राहून जातं. शिवाय दोन्ही करंट जुळूनही एकत्र कमी-जास्त होऊ शकतात. मग लूपची बँडविड्थ कंट्रोल व्होल्टेजबरोबर सरकते.

दोन एजमध्ये ऑफसेट दिसला म्हणजे मिसमॅचच, असंही नाही. २० मेगाहर्ट्झ रेफरन्स आणि १०० मायक्रोअँप असताना लूप फिल्टरच्या नोडवर १०० नॅनोअँपची गळतीसुद्धा तोच ५० पिकोसेकंदांचा ऑफसेट देते. ओळखायचं वेव्हफॉर्मवरून. दोन पल्सच्या मध्ये कंट्रोल व्होल्टेज सपाट राहत असेल तर मिसमॅच किंवा स्विचिंग; सायकलभर एकसारखं उतरत किंवा चढत असेल तर गळती. तापमान वाढवल्यावर उतार वाढला की शंका उरत नाही. फक्त त्याआधी सिम्युलेटरची मॅक्झिमम स्टेप बघा. १०० पिकोसेकंदांच्या स्टेपने ५० पिकोसेकंदांचा ऑफसेट शोधू नका. ५ पर्यंत खाली या, टॉलरन्स घट्ट करा, आणि रात्रभर रन लावून ठेवा.