गोव्यात पाळीव सापाच्या पेटीला ऊब कशी द्यावी?

आधी कायद्याचे उरकून घेऊ. कुळागरात (पोफळीच्या बागेत) सापडलेला आर म्हणजे अजगर, धामण किंवा कुठलाही देशी साप पाळता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. म्हणजे पुढचे सगळे बॉल पायथन, कॉर्न स्नेक अशा परदेशी सापांपुरते. बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते.

आता काहीही विकत घेण्याआधी मोजा. पेटीच्या दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर ठेवून चार-पाच दिवस पहाटे आणि दुपारी आकडे लिहून काढा. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश लागतात, थंड बाजूला २५ ते २७. कॉर्न स्नेकला दोन्हीकडे तीनेक अंश कमी चालतात. ऊब अपुरी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही, साप तो ओकून टाकतो. आपल्याकडे ऊब कमी पडते ती मुख्यतः डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, वाळपई-सांग्याकडे, आतल्या डोंगराळ भागात, जास्तच. त्यामुळे थंड मुलखांसाठी बनवलेला १५० वॅटचा दिवा कुणी गळ्यात मारू पाहिला तर घेऊ नका.

लहान पेटीला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, पुरते. ती बाहेरून, तळाच्या एका बाजूला, फार तर एक तृतीयांश भागाखाली लावा आणि पेटी थोडी उचलून ठेवा. मॅट तळ तापवते, हवा नाही. हवाच गार पडत असेल तर सिरॅमिक हीटर घ्या. त्याला उजेड नसतो, म्हणून रात्रीही चालतो. मात्र होल्डर चिनीमातीचाच हवा आणि भोवती जाळी हवी, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. लाल दिवे आणि तापणारे नकली दगड मी तरी घेणार नाही.

खरा पैसा घालायचा तो थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर. त्याचा सेन्सर मॅटच्या वर, साप बसतो तिथेच हवा. मी तो चिकटपट्टीने लावला होता. जुलैच्या दमटपणात पट्टी सुटली, सेन्सर पाण्याच्या वाटीत पडला. पाणी गारच असल्याने थर्मोस्टॅट मॅट तापवत राहिला आणि तळ ४४ अंशांवर गेला. नशीब, साप दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. शिवाय सुटलेली पट्टी खवल्यांना चिकटली की कातडी सोलते. तेव्हापासून वायर बाहेरून क्लिपने आवळतो आणि रोज एकदा हाताने चाचपून बघतो.

पावसात वीज गेली तर घाबरू नका. बाहेर २५ अंश असले की साप काही तास सहज काढतो. थंडीत गेली तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीला टेकवून ठेवा. मे महिन्यात प्रश्न उलटा होतो: खोली ३४ वर गेली की मॅट बंद करून पेटी खाली लादीवर, पंख्याच्या खोलीत न्या.