आधी बॅकअप, मग अँटिव्हायरस: कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी तयारीची यादी

या यादीचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. व्हायरसचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कोणता अँटिव्हायरस टाकू?" बॅकअपचं नाव निघतं ते शेवटी, जमलं तर करू अशा सुरात. माझ्या मते आधी बॅकअप लावावा आणि मगच व्हायरसच्या बंदोबस्ताकडे वळावं. अँटिव्हायरस कितीही चांगला असला तरी एखाद्या दिवशी चुकतो. शिवाय हार्ड डिस्क बंद पडणं, लॅपटॉप चोरीला जाणं, घाईत भलताच फोल्डर कायमचा डिलीट होणं यावर त्याच्याकडे काहीच इलाज नसतो. बॅकअप या सगळ्यांवर चालतो.

सुरुवातीला एक कागद घ्या आणि आपलं काय काय कुठे आहे ते लिहून काढा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांनाच आठवतात, विसरतात ते बाकीचं. डाउनलोड्स फोल्डरमध्ये महिनोन् महिने पडलेल्या पावत्या आणि करारनामे असतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, सी ड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये असतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता बघा आणि कागदावर उतरवून घ्या. आउटलुक वापरत असाल तर मेलची फाइल कुठे आहे ते पाहा. ब्राउझरमधले बुकमार्क, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर हेही यादीत हवेत. मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक: युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर त्या फॉन्टच्याही प्रती ठेवा. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण पानभर निरर्थक चिन्हं दिसतात आणि पन्नास पानांचा मजकूर असून नसल्यासारखा होतो.

आता प्रती किती ठेवायच्या? ३-२-१ हा जुना हिशेब अजूनही पुरतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कॉम्प्युटरवरची मूळ फाइल ही पहिली, बाहेरच्या हार्ड डिस्कवरची दुसरी आणि क्लाउडवरची किंवा दुसऱ्या पत्त्यावर ठेवलेली तिसरी. "दुसऱ्या जागी" याचा अर्थ शेजारच्या कपाटात असा नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, अशा काही ग्राहकांच्या हाती काहीच उरलं नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्यावर फाइली सिंक होतात म्हणजे बॅकअप झाला असं नाही. सिंकचं कामच मुळी एका ठिकाणचा बदल दुसरीकडे पोहोचवणं हे आहे. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, इथली फाइल कुलूपबंद केली की काही क्षणांत तिथलीही होते. जुन्या आवृत्त्या परत मिळवण्याची सोय या सेवांमध्ये असते, पण ती ठरावीक मुदतीपुरती. आपल्या प्लॅनमध्ये ती किती दिवसांची आहे ते आजच पाहून कागदावर लिहा.

सिंक आणि बॅकअप यांतला फरक किती महागात पडतो हे २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तेव्हा दिसलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क या बलाढ्य कंपनीचं जगभरातलं नेटवर्क झोपलं. कोणत्या कर्मचाऱ्याला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांशी सिंक होत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, या भरवशावर सगळं चाललं होतं. प्रत्यक्षात सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एकटा, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि मशीन बंद पडलं होतं. त्याच्यावरून मग बाकीचं उभं करावं लागलं.

म्हणून बाहेरची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका. हा या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जाणाराही. डिस्क जोडा, बॅकअप घ्या, "सेफली रिमूव्ह" करा आणि केबल काढून ठेवा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या दृष्टीने आणखी एक ड्राइव्ह असते, इतकंच. शक्य असेल तर दोन डिस्क आलटून पालटून वापरा, म्हणजे एकीवर बॅकअप चालू असतानाच घात झाला तरी दुसरी सुटी राहते. विंडोजच्या रिस्टोअर पॉइंटवर तर मुळीच विसंबू नका. बहुतेक रॅन्समवेअर फाइलींना हात लावण्याआधी किंवा त्याच दमात विंडोजने आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती पुसून टाकतात.

डिस्क घेताना मूळ डेटाच्या निदान दुप्पट जागेची घ्या, म्हणजे जुन्या आवृत्त्याही मावतील. फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल जात नाही. मोठे व्हिडिओ किंवा मेलची फाइल असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवं. कॉपी-पेस्ट करत बसण्यापेक्षा विंडोजमधली फाइल हिस्टरी किंवा मॅकवरचं टाइम मशीन लावून द्या. हाताने करायचा बॅकअप पहिल्या आठवड्यात उत्साहात होतो, तिसऱ्या महिन्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

डिस्क चोरीला जाण्याची धास्ती असेल तर तिला पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यातलं काही वाचता येणार नाही, पण मग किल्ली जपायची जबाबदारी आली. विंडोजमधल्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीची रिकव्हरी की ४८ अंकी असते. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपण न सांगताच चालू झालेलं असतं आणि मदरबोर्ड बदलल्यावर स्क्रीन अचानक ती की मागते. सेटिंगमध्ये किंवा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती शोधा, कागदावर छापा आणि कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवा. त्याच लॅपटॉपवरच्या नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली की काही कामाची नाही.

इतकं झाल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकतात. अजून टाकू नका. बॅकअप परत काढून पाहिलेला नसेल तर तो आहे की नाही हे तुम्हाला माहीतच नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या एक-दोन नव्हे, चांगल्या पाच सोयी होत्या. एकही धड कामाला आली नाही. रोज बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, म्हणून तो गुपचूप अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेलही जात होते, पण ते वाटेतच नाकारले जात असल्याने कुणापर्यंत पोहोचलेच नव्हते. शेवटी एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. त्या कंपनीने हे सगळं लपवलं नाही, उघडपणे मांडलं, म्हणून आज आपल्याला ते उदाहरण देता येतं.

घरी किंवा छोट्या ऑफिसात ही तपासणी अर्ध्या तासात होते. बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. एक जुनी फाइल, एक कालची आणि एक मोठी अशा तीन फाइली त्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि खरोखर उघडा. नाव दिसतंय म्हणून समाधान मानू नका. फाइलचा आकार ० केबी तर नाही ना, एक्सेलमधल्या सगळ्या शीट आहेत ना, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो ना, हे बघा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमध्ये रिस्टोअर करून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते तपासा. तारीख तीन महिन्यांपूर्वीची निघाली तर बॅकअप भलत्याच फोल्डरचा चालला आहे, असं खुशाल समजा.

आता व्हायरसकडे. पहिलं काम अपडेट. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं त्याने अडवली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. म्हणजे जवळजवळ दोन महिने हातात होते, आणि "रिमाइंड मी लेटर" दाबण्यात ते गेले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. असं मशीन वापरात असेल तर ते पुढच्या विंडोजवर नेणं, मुदतवाढीचे सुरक्षा अपडेट घेणं किंवा इंटरनेटपासून तोडणं, यातलं एक ठरवून टाका. ब्राउझर, पीडीएफ रीडर आणि राउटर यांचेही अपडेट असतात. राउटरचा कुणी विचारच करत नाही.

अँटिव्हायरसबद्दल मी थोडक्यात सांगेन, कारण यात वाटतं तेवढं काही नाही. घरगुती वापराला विंडोजमधला डिफेंडर बहुतेकांना पुरेसा आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन रडतं. आपला अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासायला आयकार नावाची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. तिच्यात फक्त ६८ अक्षरं असतात आणि ती दिसताच कोणत्याही चांगल्या अँटिव्हायरसने ओरडायला हवं. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये "टॅम्पर प्रोटेक्शन" (डिफेंडर परस्पर बंद करू न देणारी सोय) चालू आहे ना ते बघा. रॅन्समवेअरपासून संरक्षणाच्या भागात "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" नावाची सोय असते, ती सहसा बंद असते, चालू करा. सुरुवातीला एखादं साधं सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नाही म्हणून वैताग येईल. त्या सॉफ्टवेअरला एकदा परवानगी दिली की प्रश्न मिटतो.

रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. ज्या सूचनांची पहिली ओळ "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी असते, त्यांचा हेतू वेगळा सांगावा लागू नये. वर्ड किंवा एक्सेलची अनोळखी फाइल "एनेबल कंटेंट" दाबायला सांगत असेल तर दाबू नका. आणि विंडोजला फाइलचं पूर्ण नाव दाखवायला सांगा: फाइल एक्स्प्लोररमधल्या "व्ह्यू" मध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करा. मे २००० मध्ये आयलव्हयू व्हायरस धुमाकूळ घालू शकला तो याच लपवाछपवीमुळे. जोडलेली फाइल टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, असल्यासारखी दिसायची, पण नावाच्या अगदी शेवटी व्हीबीएस, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमची खूण, होतं आणि तेच विंडोज दाखवत नव्हतं.

पेन ड्राइव्हचं वेगळं सांगतो. तो दहा मशीनमध्ये फिरून आलेला असतो. उघडल्यावर आपले फोल्डर नेहमीसारखेच दिसतात, पण प्रत्येकाच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल आणि आकार एक-दोन केबी असेल, तर तो शॉर्टकट व्हायरस. डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. खरे फोल्डर कुठे गेलेले नसतात, फक्त लपवलेले असतात. कशावरही क्लिक न करता ड्राइव्ह स्कॅन करा, मग "हिडन आयटम्स" चालू करून आपला डेटा बाहेर काढा आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा. तरीही फोल्डर दिसत नसतील तर व्ह्यूच्या पर्यायांमध्ये सिस्टम फाइली लपवण्याची खूणही काढावी लागते.

मुख्य ईमेल आणि क्लाउड खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. तिथे कुणी शिरलं तर क्लाउडवरचा बॅकअपही पुसू शकतो. रिकव्हरी कोड कागदावर, बिटलॉकरच्या कीसोबत.

शेवटी एक पान आणीबाणीसाठी छापून ठेवा, कारण त्या दिवशी कॉम्प्युटरवरची पीडीएफ उघडणार नाही. फाइलींची नावं बदलायला लागली किंवा खंडणीचा निरोप दिसला की लगेच नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, जोडलेल्या डिस्क सोडवा. नेटवर्क तोडता येत नसेल तर मशीन बंद करा. स्क्रीनचा फोनने फोटो घ्या. घाबरून बॅकअपची डिस्क जोडून "निदान ती तरी शाबूत आहे का" हे त्याच मशीनवर पाहू नका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. पैसे दिल्याने फाइली सुटतीलच याची हमी नसते. कुलूपबंद फाइली मात्र पुसू नका. २०१६ मध्ये युरोपोल (युरोपीय संघाची पोलिस संस्था), डच पोलिस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या "नो मोअर रॅन्सम" उपक्रमात काही प्रकारच्या रॅन्समवेअरची किल्ली मोफत मिळते, आज नसली तरी पुढे येऊ शकते. त्या फाइली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, आधीच तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज कोरं टाका, सगळे अपडेट होऊ द्या, आणि मगच बॅकअपची डिस्क जोडा.