मेनफ्रेमवरील वाढलेल्या प्रोसेसर वापराचे निदान : विनामूल्य साधने कुठे आणि कशी शोधावीत

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमवर प्रोसेसरचा वापर एकाएकी वाढला, की ओमेगामोन, स्ट्रोब किंवा ॲप्लिकेशन परफॉर्मन्स ॲनालायझर यांची नावे हमखास पुढे येतात. ही साधने उत्तम आहेत, परंतु त्यांचे परवाने महाग असतात आणि खरेदीचा निर्णय होईपर्यंत तक्रार थांबून राहत नाही. निदानाला लागणारी बहुतेक माहिती झेड/ओएस स्वतःच नोंदवत असते आणि ती वाचण्याची बरीच साधने प्रणालीबरोबरच आलेली असतात. त्यामुळे इंटरनेटवर काही शोधण्याआधी आपल्याच प्रणालीत काय आहे, याची यादी करावी.

कन्सोलवरून ‘डिस्प्ले प्रॉड,स्टेट’ ही कमांड दिली, की कोणती शुल्कपात्र अंगे सुरू आहेत आणि कोणती बंद आहेत ते दिसते. एसडीएसएफ (चालू जॉब पाहण्याचे साधन) आणि आरएमएफ (कामगिरीची मोजमापे देणारे साधन) ही दोन्ही अंगे वेगळ्या शुल्काची आहेत, पण बहुतेक ठिकाणी ती किंवा त्यांचे पर्याय (आरएमएफऐवजी बीएमसीचे सीएमएफ) आधीच घेतलेले असतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एखादे अंग डिस्कवर बसवलेले असते आणि पार्मलिबमधील (प्रणालीच्या मापदंडांच्या लायब्ररीतील) एक ओळ बदलून ते सुरूही करता येते, पण परवाना नसताना असे केल्यास ते विनामूल्य ठरत नाही. त्याचे बिल येऊ शकते.

वापर खरोखरच जास्त आहे का?

मेनफ्रेम शंभर टक्के भाराने चालणे हा स्वतःहून दोष नाही. वर्कलोड मॅनेजर महत्त्वाच्या कामांना आधी प्रोसेसर देतो आणि कमी महत्त्वाची कामे उरलेल्या वेळेत चालवतो. महत्त्वाच्या कामांची उद्दिष्टे पूर्ण होत असतील, तर पूर्ण भरलेला प्रोसेसर म्हणजे पैशांचा पूर्ण उपयोग. म्हणून सर्वप्रथम आरएमएफच्या वर्कलोड ॲक्टिव्हिटी अहवालात सर्व्हिस क्लासचा (समान उद्दिष्ट असलेल्या कामांच्या गटाचा) परफॉर्मन्स इंडेक्स पाहावा. तो १ पेक्षा वर गेला असेल, तर उद्दिष्ट चुकत आहे असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी तपासणी आरएमएफच्या सीपीयू अहवालातील दोन स्तंभांची आहे आणि ती वगळल्यामुळे अनेक निदाने चुकीच्या दिशेने जातात. ‘एलपार बिझी’ हा आकडा आपल्या एलपारला (यंत्राच्या तार्किक विभागाला) खरा भौतिक प्रोसेसर किती वेळ मिळाला ते सांगतो, तर ‘एमव्हीएस बिझी’ हा आकडा आपल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या दृष्टीने तिचे लॉजिकल प्रोसेसर किती वेळ कामात होते ते सांगतो. एमव्हीएस बिझी शंभराच्या जवळ आणि एलपार बिझी त्याच्या बराच खाली असेल, तर आपल्याकडे काम साचले आहे, परंतु ते करायला भौतिक प्रोसेसर मिळत नाही. अशा वेळी दोष आपल्या जॉबमध्ये नसून शेजारच्या एलपारमध्ये, वेटच्या (एलपारच्या प्रोसेसर-वाट्याच्या) वाटपात किंवा लावलेल्या कॅपमध्ये (वापराच्या कमाल मर्यादेत) असू शकतो. त्याच अहवालाच्या पार्टिशन डेटा भागात सर्व एलपारांचा वापर एकत्र दिसतो. जॉबनिहाय शोध सुरू करण्यापूर्वी एवढे पाहिले, तर पुढचे बरेच कष्ट वाचतात.

हा भार आत्ता कोण देत आहे?

समस्या चालू असतानाच पाहायची असेल, तर सर्वांत साधे साधन म्हणजे ‘डिस्प्ले ए’ ही कमांड. तिला जॉबचे नाव दिले, की उत्तरात सीटी या खुणेसमोर त्या जॉबच्या ॲड्रेस स्पेसने (तो ज्या स्वतंत्र मेमरी विभागात चालतो त्याने) आतापर्यंत वापरलेला एकूण सीपीयू वेळ येतो. हीच कमांड काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा देऊन दोन आकड्यांतील फरक काढला, की सध्याचा वापर कळतो. एसडीएसएफ असेल, तर डीए पॅनेल सीपीयूच्या स्तंभावर क्रमवारी लावून तेच काम लवकर करते. आरएमएफचा मॉनिटर तीन असेल, तर त्याचा प्रोकयू अहवाल सर्वसाधारण प्रोसेसर आणि झिप (ठरावीक कामांसाठीचा खास प्रोसेसर) या दोहोंचा वापर जॉबनिहाय वेगवेगळा दाखवतो. झिपवर चालू शकणारे काम झिप मोकळा नसल्यामुळे सर्वसाधारण प्रोसेसरवर सांडत असेल, तर वाढीचे कारण तिथेच सापडते.

मात्र या टप्प्यावरचे जे साधन सर्वांत कमी वापरले जाते, ते म्हणजे रनटाइम डायग्नॉस्टिक्स. ते झेड/ओएस १.१२ पासून मूळ प्रणालीचा भाग आहे आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. एचझेडआर हा ॲड्रेस स्पेस सुरू असल्याची खात्री करून मॉडिफाय कमांडने त्याला ‘ॲनलाइझ’ अशी सूचना दिली, की तो त्या क्षणीच्या स्थितीची तपासणी करतो. एका प्रोसेसरच्या क्षमतेच्या ९५ टक्क्यांहून अधिक वापरणारे ॲड्रेस स्पेस तो ‘हायसीपीयू’ म्हणून दाखवतो. सिस्टम ट्रेसमध्ये (प्रणालीतील घडामोडींच्या नोंदीत) तेच ते पुनरावर्तन आढळले, तर ते काम ‘लूप’ म्हणून नोंदवतो. शिवाय एनक्यू, लॅच आणि लोकल लॉक या कुलुपांसाठी अडलेली कामेही सांगतो. हायसीपीयू आणि लूप या दोन्ही नोंदी एकाच जॉबच्या नावावर आल्या, तर तो जॉब लूपमध्ये अडकल्याची शक्यता फार मोठी असते. तो रद्द करण्याची घाई सर्वांनाच असते, पण रद्द करण्यापूर्वी त्याचा डंप (मेमरीची प्रत) घेतला नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध करावा लागेल.

कालपर्यंत काय घडले?

वापर केव्हापासून वाढला याचे उत्तर एसएमएफच्या, म्हणजे झेड/ओएस स्वतः लिहीत असलेल्या वापराच्या, नोंदींत असते. प्रकार ३० मध्ये प्रत्येक जॉब, स्टेप आणि ॲड्रेस स्पेसने वापरलेला प्रोसेसर वेळ असतो. प्रकार ७० मध्ये प्रोसेसर आणि एलपार यांची आकडेवारी असते. प्रकार ७२ मध्ये तीच गोष्ट सर्व्हिस क्लासनुसार मिळते. या नोंदी वेगळ्या काढण्यासाठी आयएफएएसएमएफडीपी आणि लॉगस्ट्रीमसाठी आयएफएएसएमएफडीएल हे प्रोग्राम प्रणालीतच असतात. एसएमएफच्या पार्मलिब सदस्यात स्टार्टेड टास्कसाठी (सतत चालणाऱ्या सेवांसाठी) इंटरव्हल (ठरावीक अंतराच्या) नोंदी सुरू आहेत का, हे अवश्य तपासावे; त्या बंद असतील, तर महिनोन्‌महिने चालणाऱ्या डीबी२ (डेटाबेस) किंवा सीआयसीएस (ट्रान्झॅक्शन प्रणाली) ॲड्रेस स्पेसचा वापर ते बंद होईपर्यंत प्रकार ३० मध्ये दिसतच नाही.

एसएमएफच्या कच्च्या नोंदी वाचणे कंटाळवाणे असते आणि येथे आयबीएमने विनामूल्य दिलेल्या काही गोष्टी कामी येतात. आरएमएफ स्प्रेडशीट रिपोर्टर हा विंडोजवर चालणारा प्रोग्राम आरएमएफच्या पोस्टप्रोसेसरचे अहवाल स्प्रेडशीटमध्ये आणून आलेख काढून देतो. झेडबीएनए, म्हणजे बॅच नेटवर्क ॲनालायझर, मुख्यतः प्रकार ३० च्या नोंदींवरून बॅचमधील कोणते जॉब आणि प्रोग्राम सर्वाधिक प्रोसेसर खातात ते दाखवतो. त्यासाठी लागणारी माहिती सीपी३केएक्स्ट्र हा प्रोग्राम मेनफ्रेमवरच गोळा करतो. बिलाच्या दृष्टीने वापर पाहायचा असेल, तर एससीआरटी हा आयबीएमचा प्रोग्राम प्रकार ७० आणि ८९ वरून चार तासांच्या सरकत्या सरासरीचा अहवाल तयार करतो. कोणता जॉब दोषी आहे हे तो सांगत नाही, पण महिन्यातील कोणत्या तासाकडे पाहायचे हे मात्र नेमके सांगतो.

सीबीटी टेप

मेनफ्रेमवरील मोफत सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा आणि जुना संग्रह सीबीटी टेप या नावाने ओळखला जातो. कनेक्टिकट बँक अँड ट्रस्ट या बँकेतून १९७० च्या दशकात टेपवर सुरू झालेला हा संग्रह आता संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. प्रणालीची अंतर्गत माहिती दाखवणारे शोझेडओएस यासारखे प्रोग्राम तिथे सोर्ससह मिळतात. फाइली बहुधा एक्समिट या मेनफ्रेमच्या पाठवणीच्या स्वरूपात असतात. त्या बायनरी पद्धतीने, फिक्स्ड ब्लॉक आणि ८० बाइट रेकॉर्ड लांबीच्या डेटासेटमध्ये चढवाव्यात, अन्यथा रिसीव्ह कमांड त्या ओळखत नाही.

या संग्रहाविषयी उत्साह असावा, पण भाबडेपणा नसावा. यातील प्रोग्रामांना कोणतीही हमी नसते आणि अनेकांना एपीएफ अधिकार लागतो, म्हणजेच त्यांना संपूर्ण प्रणालीत हात घालण्याची मुभा मिळते. सोर्स वाचून, स्वतः असेंबल करून, चाचणीच्या एलपारवर चालवून आणि सुरक्षा विभागाची परवानगी घेऊनच ते वापरावेत. जुने प्रोग्राम कंट्रोल ब्लॉकच्या (प्रणालीच्या अंतर्गत माहितीच्या तक्त्यांच्या) जुन्या रचनेवर बेतलेले असू शकतात. ते चुकीचा आकडा शांतपणे दाखवतात आणि निदानाच्या कामात चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट.

प्रोग्रामच्या आत नेमके कुठे?

दोषी जॉब सापडल्यावर कोणत्या सूचनांवर वेळ जातो हे पाहण्यासाठी लोक शुल्कपात्र प्रोफायलर घेतात. त्याचा काहीसा कष्टाचा, पण विनामूल्य पर्याय म्हणजे एचआयएस, अर्थात हार्डवेअर इन्स्ट्रुमेंटेशन सर्व्हिसेस. झेड१० आणि त्यानंतरच्या यंत्रांवर तो चालतो. एलपारच्या ॲक्टिव्हेशन प्रोफाइलमध्ये काउंटर आणि सॅम्पलिंगला परवानगी दिलेली असावी लागते, मगच त्याला ‘बिगिन’ सूचना देता येते. काउंटर एसएमएफ ११३ मध्ये लिहिले जातात. सॅम्पलिंग केल्यास नमुन्यांच्या आणि मॉड्यूलच्या पत्त्यांच्या फाइली युनिक्स फाइल सिस्टममध्ये तयार होतात. नमुन्यातील पत्ता कोणत्या मॉड्यूलमध्ये पडतो हे मोजणारा रेक्स या स्क्रिप्ट भाषेतील एक छोटा प्रोग्राम लिहिला, की ढोबळ प्रोफाइल हाती येते.

घेतलेला डंप वाचण्यासाठी आयपीसीएस हे साधन मूळ प्रणालीतच आहे. डंप घेताना सिस्टम ट्रेसचा समावेश करावा आणि शक्य असेल तर ट्रेस टेबल आधीच मोठे करून ठेवावे. नंतर सिस्ट्रेस या उपकमांडला ‘पर्फडेटा’ हा पर्याय दिला, की ट्रेसमधील काळात कोणत्या ॲड्रेस स्पेसने आणि टास्कने किती प्रोसेसर वापरला याचा गोषवारा मिळतो. हा पर्याय पुष्कळ अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतो.

भार सीआयसीएसमध्ये असेल, तर त्याच्यासोबत येणारा डीएफएच$मोल्स हा नमुना प्रोग्राम एसएमएफ ११० मधील नोंदी ट्रान्झॅक्शननुसार छापतो. डीबी२ मध्ये असेल, तर अकाउंटिंग ट्रेसच्या क्लास २ मधील सीपीयू वेळ आणि एक्सप्लेनचे (क्वेरी कशी चालेल ते सांगणाऱ्या कमांडचे) निष्कर्ष एकत्र पाहावेत, कारण रीबाइंडनंतर (प्रोग्रामची डीबी२शी पुन्हा जोडणी केल्यावर) बदललेला ॲक्सेस पाथ (डेटापर्यंत पोचण्याचा मार्ग) हे अचानक वाढीचे नेहमीचे कारण आहे.

झेड/व्हीएम या मेनफ्रेमच्या हायपरवायझरवर (एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टम चालवणाऱ्या प्रणालीवर) परफॉर्मन्स टूलकिट शुल्कपात्र असले, तरी ‘इंडिकेट लोड’ आणि ‘इंडिकेट यूझर’ या कमांड त्याच्या सीपी या मूळ गाभ्यातच आहेत. त्याच यंत्रावर लिनक्स चालत असेल, तर एस३९०-टूल्स या मुक्त संचातील हायपटॉप एलपार किंवा झेड/व्हीएमच्या पातळीवरील वापर दाखवते. आतल्या प्रक्रियांसाठी टॉप आणि पर्फ पुरेसे ठरतात. मात्र टॉपमधील ‘स्टील’चा (हायपरवायझरने हिरावलेल्या प्रोसेसर वेळेचा) आकडा मोठा दिसला, तर लिनक्सच्या आत शोधत बसू नये, वरच्या हायपरवायझरकडे जावे.