जुन्या सिनेमाचं पोस्टर घरी आणण्याआधी

सगळ्यात आधी घरात जागा करा. हिंदी-मराठी सिनेमाचं नेहमीच्या मापाचं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं असतं. एवढा कागद पूर्ण उलगडून दोन-तीन दिवस कुणाचा हात न लागता पडून राहील असं टेबल घरात नसेल, तर खरेदी पुढे ढकला. आणलेलं पोस्टर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच फाटतं, तेही जेवणाची ताटं मांडायला घाईघाईने उचलताना.

पिशवीत मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि पोस्टरच्या घडीपेक्षा जरा मोठे दोन जाड पुठ्ठे हवेत. मुंबईत चोर बाजारात जाणार असाल तर वार बघून निघा. मटण स्ट्रीटवरची बरीचशी जुनी दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर भरतो तो जुन्या सामानाचा बाजार वेगळा. भिंतीवर खळ लावून चिकटवलेली पोस्टरं अर्थातच उरली नाहीत. आज हाती लागतात ती बहुतांशी न वापरलेली, वितरकांच्या गोदामांत घडी घालून गठ्ठ्याने पडून राहिलेली आणि पुढे रद्दीत गेलेली. म्हणूनच अस्सल पोस्टरला घड्या असणं स्वाभाविक आहे. साठ वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवलेल्या कागदावर एकही घडी नसेल, तर थांबा आणि नीट बघा.

बघायचं कसं? घडीवरून बोट फिरवा. खऱ्या घडीला उंचवटा लागतो, शाई उडून कागदाचा पांढरा धागा दिसतो. स्कॅन करून छापलेल्या नकलेत घडीसुद्धा छापलेली असते, बोटाला काहीच लागत नाही. मग चेहऱ्याच्या गालावर भिंग धरा. ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या रचनेत बसलेले दिसतात. त्याआधीच्या लिथो, म्हणजे शिळाछाप पद्धतीच्या छपाईत हाताने काढलेल्या रंगाला खडूसारखा रवाळपणा असतो. इंकजेटमध्ये मात्र बारीक तुषार उडवल्यासारखे विस्कळीत ठिपके दिसतात. टॉर्च सावलीत मारा. कागद लख्ख निळसर चमकला तर त्यात शुभ्रता आणणारं रसायन आहे. ते कागदात सर्रास आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळे चमकणारा कागद चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीचा म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. शेवटी खालच्या कडेला छापखान्याचं नाव शोधा. ती पट्टी कापलेली असेल तर किंमत तशीच खाली यायला हवी.

पुनःप्रदर्शनासाठी नव्याने छापलेली पोस्टरंही बाजारात असतात. ती खोटी नव्हेत, मलाही आवडतात, पण पहिल्या छपाईच्या भावाने घेऊ नयेत. चित्रकाराची सही दिसली तर ती टिपून ठेवा. ‘दीवार’चं (१९७५) पोस्टर करणारे दिवाकर करकरे यांच्यासारख्या मोजक्यांची नावं तरी आपल्याला माहीत आहेत. बाकी कितीतरी हात निनावी राहिले, आणि सही वाचून लिहून ठेवणं हे संग्राहकाला सहज करता येण्याजोगं काम आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः पोस्टरं रंगवली, त्या मूकपटांच्या काळातला कागद तर जवळजवळ नाहीसाच झालाय. तसं काही हाती आलं तर विकत घेण्याआधीच फोटो काढा.

दुकानात पोस्टर उलगडायचं ते तळहाताच्या आधाराने. कागद पापडासारखा कडकडत असेल तर पूर्ण उघडूच नका. आहे त्याच घडीत दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. गुंडाळी करून रबर लावायचं नाही.

घरी आल्यावर नवं पोस्टर लगेच जुन्यांच्या शेजारी ठेवू नका, आधी त्याला कीड नाही ना ते बघा. कसर लागलेल्या कागदाचा वरचा थर नकाशासारखा वेडावाकडा खरवडलेला दिसतो. वाळवी असेल तर मातीच्या रेघा दिसतात. शंका आली तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या. लगेच उघडलीत तर हवेतली ओल थंड कागदावर जमेल.

काहीही दुरुस्त करण्याआधी पुढून, मागून आणि एकदा बाजूने तिरका उजेड टाकून फोटो घ्या. तिरक्या उजेडात प्रत्येक सुरकुती उठून दिसते. वहीत माप, कुठून घेतलं, काय दिलं, कुठे फाटलंय ते लिहा. मागचा शिक्का, खाली चिकटवलेली थिएटरच्या नावाची चिठ्ठी ही घाण नव्हे. तो सिनेमा कुठल्या गावात लागला होता याचा कदाचित तेवढाच पुरावा उरलेला असतो, म्हणून ती काढायची नाही.

साफसफाई कोरडीच. मऊ ब्रश मधून कडेकडे, मग काजळी पुसायचा रबरी स्पंज अलगद. पाणी वापरायचा विचार असेल तर प्रत्येक रंगावर आधी चाचणी हवी. बारीक ब्रशने डिस्टिल्ड वॉटरचा टिपूस कडेला ठेवा, वर पांढरा टीपकागद दाबा. टीपकागदावर रंग उतरला की घरचं काम तिथेच थांबवायचं. लाल-गुलाबी रंग आणि शिक्क्यांची शाई यांच्यावर कधीच भरवसा ठेवू नये.

फाटलेल्या जागी मागून जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद लावायचा. तो कात्रीने न कापता हाताने फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मूळ कागदात मिसळतात. चिकटवायला गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ. कुरडयांसाठी काढतात तो गव्हाचा चीक त्याच जातीचा, पण घरच्या चिकात ग्लुटेन राहतं आणि किडे येतात. बाइंडरच्या खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो. किडे दूर राहतात हे खरं, पण तांबं कागदाला झपाट्याने जाळतं. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन हे तिन्ही घरात असले तरी या टेबलावर नकोत, कारण लावलेलं पाण्याने परत काढता आलं पाहिजे. कापडावर डकवून देतो असं कुणी म्हणालं तर खळ कुठली आणि कागद व कापड यांच्यात टिश्यूचा थर देणार का, हे विचारा. रंग भरायचा तो फक्त नव्या ठिगळावर, मूळ शाईवर नाही.

ठेवायची सोय पावसाळ्याआधी झाली पाहिजे. आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, आडवं, लोखंडी कपाटात. पीव्हीसीचं पाकीट चालत नाही. फ्रेम करायची तर काच चित्राला टेकू नये, आणि बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नये.

बुरशी, जुनी सेलोटेप, चुरा होत चाललेला कागद ही तज्ज्ञाची कामं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. फोन करण्याआधी वहीतली माहिती आणि फोटो हाताशी ठेवा. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पोस्टरंही जपतं. तुमच्याकडचं एखादं दुर्मीळ वाटलं तर त्यांच्या संग्रहात ते आहे का, हे विचारा आणि नसेल तर चांगला स्कॅन द्यायची तयारी ठेवा.