ट्रेकआधी जीपीएसची तयारी

ही तयारी निघायच्या रात्री करायची नाही, दोन दिवस हाताशी ठेवून करा. आधी नकाशा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, सिग्नल थेट उपग्रहांकडून येतो. पण आपली जागा दाखवणाऱ्या ठिपक्याखालचा नकाशा बहुतेक ॲपमध्ये इंटरनेटवरून येतो. रेंज गेली की कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका उरतो. म्हणून वाटेचाच नव्हे, शेजारच्या दऱ्यांचाही नकाशा उतरवून घ्या. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून तो उघडतो का, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा; त्या दाट, तिथे उतार तीव्र) दिसतात का, हे घरीच बघा.

दुसऱ्या कोणाचा ट्रॅक, म्हणजे त्याच्या वाटेची जीपीएसवर नोंदलेली रेघ, घेतला असेल तर तो नकाशावर टाकून बोटभर अंतराने तपासा. सरळसोट रेघ दाट समोच्च रेषा कापत गेली असेल, तर तिथे कडा आहे आणि ती रेघ चुकीची आहे. खिंड, पाणी, वाटेचे फाटे यांच्या खुणा स्वतः टाका.

आता अचूकतेचं. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारण ५ मीटरपर्यंत जागा बरोबर दाखवतो. मे २००० पर्यंत नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची, त्या मानाने ही चैनच. पण कड्याखाली हा आकडा विसरा. एकदा कड्याच्या पायथ्याशी मी दगडावर बसून होतो आणि माझा ठिपका समोरच्या ओढ्यात उतरून, पलीकडे चढून परत आला. सिग्नल कातळावर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि यंत्र तर उपग्रहापासूनचं अंतर सिग्नलला लागलेल्या वेळेवरूनच काढतं, म्हणून जागा चुकते. घळीत, ओल्या दाट झाडीतही असंच होतं. अशा जागी फाटा निवडायची वेळ आली तर मागे मोकळ्यावर या, दोन मिनिटं थांबा, मग ठरवा. नेहमीच्या सिग्नलसोबत एल५ हा वेगळ्या वारंवारतेचा नवा जीपीएस सिग्नलही पकडणारं यंत्र इथे खरंच उपयोगी पडतं; नवं घेणार असाल तर हेच बघून घ्या.

उंचीचा आकडा आडव्या जागेपेक्षा जास्त चुकतो. यंत्रात वायुदाबमापक असेल तर ज्ञात उंचीच्या ठिकाणी जुळवून घ्या. हवा बदलली की पुन्हा.

बॅटरी पूर्ण भरलेली, पॉवर बँक आणि केबल कोरड्या पिशवीत. थंडीत फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच, आणि ते वापरायची सवयही.

शेवटी एक काम सगळ्यांनी मिळून करा: अक्षांश-रेखांश मोठ्याने वाचून दाखवायचा सराव. दशांश अंश की अंश-मिनिट-सेकंद, हे आधी सांगायचं. दशांशात टिंबापुढे चार आकडे पुरतात, चौथा आकडा सुमारे ११ मीटरचा असतो. पण १८.५० अंश ऐकणाऱ्याने १८ अंश ५० मिनिटं असं लिहून घेतलं, तर मदत ३७ किलोमीटर दूर जाते. म्हणून समोरच्याकडून आकडे परत वदवून घ्या.