लूकचे 24 अध्याय आणि रिकामी गव्हाणी

डिसेंबर लागला की इंदूरच्या आमच्या घरात नाताळच्या खरेदीसाठी राजवाडा बाजाराच्या चकरा सुरू होतात. नवे कपडे, चांदणीसाठी दिवे, केकचा सुका मेवा. या धांदलीत येशूच मागे पडतो, याचं मला फार वाईट वाटायचं. आम्हाला लागू पडलेला उपाय सांगते.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकात, बरोबर 24 अध्याय आहेत. 1 डिसेंबरपासून रोज एक वाचला की 24 तारखेला पुनरुत्थानापर्यंत पोहोचतो. वेळ रात्रीच्या जेवणाआधीची ठेवा, नंतर मुलं पेंगतात. पहिला अध्याय 80 वचनांचा आहे, तो वाटून घ्या. आणि वाचन मराठीतच करा. आमची मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी वाचतात, त्यामुळे धाकटा ‘गव्हाणी’ शब्दावर अडला. आजीनं ताटातल्या पिठात बोटानं आकार काढून दाखवला: गाईगुरांना चारा घालतात ती ही जागा, बाळ इथं निजलं. तो बराच वेळ त्या पिठाकडे बघत राहिला.

तेव्हापासून आम्ही पुठ्ठ्याची गव्हाणी करतो आणि ती रिकामी ठेवतो. कुणी भांडण मिटवलं, शेजारच्या काकूंचं दळण आणून दिलं, की एक गवताची काडी आत. बाळ ठेवायचं ते 24च्या रात्री उपासनेहून परतल्यावरच.

नाताळच्या सकाळी दुसऱ्या अध्यायाची पहिली 20 वचनं पुन्हा वाचा, भेटवस्तू त्यानंतर उघडा. करंज्यांचं ताट शेजाऱ्यांकडे मुलांच्याच हाती पाठवा. कुणी विचारलं तर गव्हाणीची गोष्ट त्यांनाच सांगू दे.