विकिपीडियाचा लेख मोठ्याने कसा वाचायचा

इतिहासाचा लेख मनात वाचला की डोळे तारखांवरून घसरत जातात, म्हणून मोठ्याने वाचा, जमलं तर कुणाला तरी समोर बसवून. सुरुवातीला अख्खं महायुद्ध घेऊ नका, एकच तह घ्या, समजा पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीशी झालेला व्हर्सायचा. त्यावर सह्या झाल्या २८ जून १९१९ला, आणि ज्यावरून ते युद्ध पेटलं, त्या साराजेवोतल्या गोळ्या ऑस्ट्रियाच्या युवराजाला, फ्रान्झ फर्डिनांडला, घातल्या २८ जून १९१४ला, म्हणजे बरोब्बर पाच वर्षं, आणि हे असलं कानावर पडलं की पटकन लक्षात येतं. नावांचे उच्चार चुकले तर चुकू देत हो, कोण बघतंय!

राजकारणाच्या लेखात मात्र जरा हळू. "गोळीबार झाला", "निर्णय घेण्यात आला" असं वाक्य आलं की थांबायचं आणि विचारायचं, कुणी केला, कुणी घेतला? पुढच्या दोन ओळींत उत्तर नसेल तर त्या लेखाला जोडलेलं चर्चा पान उघडा, तिथे बऱ्याचदा त्याच शब्दावरून संपादकांची जुंपलेली असते आणि खरं सांगायचं तर ते भांडण लेखापेक्षा भारी असतं, तेही वाचा, दोघं असाल तर एकेक बाजू वाटून घ्या. निळ्या लिंका वाचताना उघडत बसू नका, नंतर एकच निवडा. तळटीपांचे आकडे सोडून द्या, नाहीतर लय जाते.